रामशेजचा धडा

नाशिकजवळचा रामशेज तसा लहानसा गड. परंतु १६८२ सालीं औरंगजेबाच्या फौजेनें त्याला वेढा घातला, आणि भोंवतालचा मुलूख हातीं असूनही कित्येक वर्षें तिला गड मिळाला नाहीं. रान जिंकणें निराळें, गड घेणें निराळें. रक्ताच्या कर्करोगाशीं, म्हणजे ल्युकेमियाशीं, झगडणाऱ्या डॉक्टरांना हाच धडा विसाव्या शतकांत मोठी किंमत देऊन शिकावा लागला.

या झगड्याची एक वाट मुंबईच्या गिरण्यांतून जाते. लूसी विल्स या इंग्रज विदुषी १९२८ सालीं मुंबईस आल्या आणि गिरणीकामगार गरोदर स्त्रियांच्या पांडुरोगाचा शोध घेऊं लागल्या. यीस्टच्या अर्कानें तो बरा होतो, असें त्यांनीं १९३१ सालीं प्रसिद्ध केलें. त्या अर्कांतील गुणकारी द्रव्य म्हणजे फोलिक ॲसिड, हें पुढें उमगलें. रक्त वाढविणारें हें द्रव्य रोगट पेशींनाही पोसत असावें, या तर्कानें बोस्टनचे सिडनी फार्बर यांनीं त्याचें विरोधी औषध दिलें. तें निर्माण करणाऱ्या संशोधकांचे अग्रणी येल्लाप्रगड सुब्बाराव हे आंध्रांतले. १९४८ सालीं १६ पैकीं १० मुलांस उतार पडल्याचें फार्बर यांनीं जाहीर केलें.

पण तो टिकेना. पुढें औषधें सुधारलीं. रक्त स्वच्छ दिसे, मूल खेळूं लागे. आणि एके दिवशीं डोकें दुखे, ओकाऱ्या होत. रोगट पेशी मेंदूच्या आवरणांत दडलेल्या असत. मेंदूंतील केशवाहिन्यांच्या भिंती इतक्या घट्ट कीं पुष्कळशीं औषधें त्यांपलीकडे पुरेशीं पोंचत नाहींत. मेंदू राखणारा तटच शत्रूचा आसरा झाला.

तेव्हां कंबरेच्या मणक्यांमधून सुई घालून कण्यांतील पाण्यांत औषध सोडण्याची रीत निघाली. अमेरिकेंतील मेंफिस येथें डोनाल्ड पिंकेल यांनीं १९६० नंतरच्या दशकांत, लक्षणें दिसण्यापूर्वींच, डोक्यावर किरणोपचार आणि सुईचें औषध देण्यास आरंभ केला. सुमारें निम्मीं मुलें बरीं होऊं लागलीं. मात्र किरणांनीं कांहींच्या बुद्धीस व वाढीस इजा पोंचली. म्हणून पुढें बहुतेक मुलांस ते न देतां सुईच्या व इतर औषधांवर भर देण्यांत आला.

ज्या गिरणगांवांत विल्स यांचा शोध रुजला, तेथेंच परळला १९४१ सालीं टाटा स्मारक रुग्णालय उघडलें. पुढें तेथें चाललेल्या ठराविक उपचारक्रमांत मेंदूचें रक्षण हा आवश्यक भाग होता. मूल हसूं-खेळूं लागलें म्हणजे सुईचा त्रास कशाला, असें आईबापांस वाटणें साहजिक आहे. पण उपचार अर्ध्यावर सोडणें म्हणजे गड न घेतांच वेढा उठविणें होय.