गुलाबाचा तवंग आणि बादशहाची हळहळ

१/ मुघल बादशहा जहाँगीर याच्या आत्मवृत्तात मोहिमा, शिकारी आणि नजराणे यांच्या गर्दीत एका सुगंधाची नोंद आढळते. कारकिर्दीच्या नवव्या वर्षातील, म्हणजे इ.स. १६१४च्या सुमाराची ही नोंद गुलाबाच्या अत्तराविषयी आहे.

२/ प्रचलित आख्यायिका सांगते की, गुलाबपाण्याने भरलेल्या कालव्यावर नूरजहाँला तेलाचा तवंग दिसला आणि अत्तराचा शोध लागला. कथा रम्य आहे. परंतु खुद्द बादशहा हे श्रेय नूरजहाँच्या आईला, अस्मत बेगमला देतो.

३/ त्याच्या नोंदीनुसार, गुलाबपाणी तयार करताना गरम पाणी पात्रांत ओतले की त्यावर साय धरे. बेगमने ती थोडीथोडी करून जमवली. सुगंधी पाणी पूर्वीपासूनच वापरात होते. तिने वेचली ती त्यावरची दुर्लक्षित साय.

४/ ही साय म्हणजे गुलाबाचे तेल. ते पाण्याहून हलके असल्याने वर तरंगते आणि गारव्यात गोठते. किलोभर तेलासाठी साधारण ३ ते ५ हजार किलो फुले लागतात. थोडीथोडी जमवण्यामागील चिकाटी यावरून ध्यानी यावी.

५/ बादशहाने या सुगंधाचे केलेले वर्णन मनोज्ञ आहे. तळहातावर एक थेंब चोळला तर सारी मैफल दरवळते, जणू असंख्य लाल कळ्या एकाच वेळी उमलल्या. खचलेल्या मनाला तो उभारी देतो आणि कोमेजलेल्या जिवाला टवटवी आणतो.

६/ बेगमला बक्षीस म्हणून मोत्यांची माळ मिळाली. तेथे उपस्थित असलेल्या सलीमा सुलतान बेगमने अत्तराला ‘इत्र-ए-जहाँगिरी’ हे नाव दिले. सलीमा इ.स. १६१३च्या सुमारास निवर्तली. त्यामुळे शोध त्यापूर्वीचा ठरतो.

७/ याच नोंदीत एक हळहळ आहे: असे अत्तर आपल्या वडिलांना कधी हुंगायला मिळाले नाही! अकबर सुगंधांचा मोठा शौकीन. ‘ऐन-ए-अकबरी’त त्याच्या सुगंधशाळेचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्याच अकबराविरुद्ध इ.स. १६००मध्ये या पुत्राने बंड केले होते. पित्याच्या निधनानंतर जवळपास नऊ वर्षांनी एका सुगंधाने त्याला पित्याची उणीव जाणवून दिली.

८/ अस्मत बेगम इ.स. १६२१मध्ये वारली. आग्र्यात यमुनाकाठी पतीशेजारी तिची कबर आहे. ती वास्तू ‘इतिमाद-उद-दौला’ या पतीच्या किताबाने ओळखली जाते. अत्तराला जावयाचे नाव मिळाले आणि आख्यायिकेने शोध लेकीच्या पदरात घातला. जहाँगीरची ती नोंद नसती, तर या सुगंधामागचे हात कोणाचे, हे कळलेच नसते.