दुष्काळी कामांवरील स्त्रिया : एक विस्मृत इतिहास

नहेम्याच्या ग्रंथातील तिसरा अध्याय सहसा कोणी आवडीने वाचत नाही. जेरुसलेमचा पडलेला कोट पुन्हा उभारणाऱ्यांची ती एक लांबलचक यादी आहे. कोणी कोणते द्वार बसविले, कोणी कोठपर्यंत भिंत दुरुस्त केली, हे त्यात नावानिशी नोंदविले आहे. बाराव्या ओवीत शल्लूम नावाचा एक अधिकारी येतो आणि त्याच्यासोबत त्याच्या कन्यांनीही डागडुजी केल्याचे आपण वाचतो. शल्लूमचे नाव आहे, त्याच्या पित्याचे आहे. कन्यांची नावे मात्र नाहीत. ही घटना इ. स. पूर्व ४४५ च्या सुमाराची. आशिया खंडात बांधकामावर राबलेल्या स्त्रियांच्या इतिहासाचे दुखणे या एका ओवीत दिसते. काम नोंदले गेले, नाव राहून गेले. याच इतिहासातील आपल्या महाराष्ट्रात घडलेले एक प्रकरण आम्ही येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

१९७० पासून महाराष्ट्रात पावसाने सतत दगा दिला आणि १९७२ साली तर खरीप व रब्बी दोन्ही हंगाम बुडाले. विहिरी आटल्या, गुरे कवडीमोलाने विकली गेली. शासनाने जागोजागी दुष्काळी कामे काढली. १९७३ च्या मे महिन्यात या कामांवरील मजुरांची संख्या ५० लाखांच्या घरात गेली होती. अनेक कामांवर निम्म्याहून अधिक मजूर स्त्रियाच होत्या. कित्येक घरांतील पुरुष पोटासाठी मुंबईची वाट धरून गेले होते. मागे राहिलेल्या स्त्रीला गावाजवळ मिळणारे काम हाच आधार होता.

आरंभी हे काम म्हणजे मुख्यतः खडी फोडणे. रस्त्याच्या कडेला उन्हात बसून हातोडीने दगडाचे ठराविक मापाचे तुकडे करावयाचे. बोटे ठेचत, कपऱ्या डोळ्यांत उडत. खायला परदेशातून आलेला तांबडा मिलो आणि कामावर वाटली जाणारी सुकडी. आजही त्या पिढीतील माणसे ‘बहात्तरचा दुष्काळ’ म्हटले की हे दोन शब्द हमखास उच्चारतात. पुढे खडीचे ढीग नुसतेच पडून राहू लागले, तेव्हा पाझर तलाव, नालाबांध, विहिरी अशा उपयोगी कामांवर भर देण्यात आला.

मातीकामाची रीत ठरलेली होती. पुरुष कुदळीने खणी, स्त्री पाटी किंवा घमेले भरून डोक्यावरून बांधावर नेऊन टाकी. मजुरी केलेल्या कामाच्या मापावर मिळे. खड्ड्यात मध्ये मातीचा एक खांब न खणता राखून ठेवीत, त्यावरून खोली मोजली जाई. माती किती दूर व किती उंच वाहिली याचाही हिशेब दरात होता. पण खड्डा डोळ्यांना दिसतो, खेपा दिसत नाहीत. त्या काळच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात सेवेला असताना एका वृद्ध मातेने आम्हांला सांगितले होते, “फादर, खड्डा मोजायला साहेब यायचा. डोईवरच्या खेपा कोन मोजनार?” शिवाय मजुरी टोळीची म्हणून पुष्कळदा घरच्या पुरुषाच्या हाती पडे.

तरीही या कामांतून एक मोठी गोष्ट साधली. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी ‘मागेल त्याला काम’ ही कल्पना मांडली होती. तिच्यातून रोजगार हमी योजना आली. १९७७ साली तिचा कायदा विधिमंडळाने संमत केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. त्यात स्त्री व पुरुष यांना कामाचा दर एकच होता. जेथे स्त्रीची मजुरी कमीच असावयाची अशी रूढी होती, तेथे ही गोष्ट लहान नव्हती. या योजनेच्या खर्चासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसविण्यात आला. आपल्यापैकी ज्या घरांत पगार येत होता, त्या प्रत्येक घराच्या पगारपत्रकात ही वजावट होती. घमेले वाहणारी ती स्त्री आणि मुंबईच्या कचेरीत बसणारा आपला आप्त यांच्यात असे एक नाते जुळले, पण त्याची जाणीव फार थोड्यांना होती.

प्रश्न मुलांचाही होता. काम करणारी आई तान्ह्या बाळाला झाडाच्या सावलीत झोळीत बांधून ठेवी. १९६९ साली दिल्लीत राजघाटाजवळच्या एका बांधकामावर ही अवस्था पाहून मीरा महादेवन यांनी मजुरांच्या मुलांसाठी फिरते पाळणाघर सुरू केले. पुढे तीन वर्षांत ते कार्य मुंबईतही आले. रोजगार हमीच्या कामांवर सावली, पिण्याचे पाणी व पाळणाघर यांची तरतूद होती. १९९६ साली बांधकाम कामगारांसाठी झालेल्या केंद्रीय कायद्यानेही पन्नासांहून अधिक स्त्रिया असलेल्या कामावर पाळणाघर आवश्यक ठरविले. कायदा कागदावर आणि बाळ धुळीत, हे दृश्य मात्र आम्ही स्वतः अनेकदा पाहिले आहे.

हा इतिहास केवळ दुष्काळाचा नाही. आपल्या धर्मग्रामात नवे मंदिर, शाळा वा घर उभे राहते, तेव्हा स्लॅब टाकण्याच्या दिवशी घमेली हातोहात देणारी स्त्रियांची रांग आपण पाहतो. संध्याकाळी त्या निघून जातात. उद्घाटनाच्या शिलेवर आशीर्वाद देणाऱ्याचे, देणगीदाराचे, कंत्राटदाराचे नाव कोरले जाते. आम्ही धर्मगुरूही याला अपवाद नाही. मुकादमाला आपण वाळू-सिमेंटचा हिशेब विचारतो. या बाईला पुरुषाइतकीच मजुरी मिळते काय, ती तिच्याच हातात पडते काय आणि तिचे मूल कोठे आहे, हेही विचारण्याचा हक्क बांधणाऱ्या मालकाला आहे. तो हक्क आम्ही फारसा बजावलेला नाही, हे कबूल केले पाहिजे.

शल्लूमच्या कन्यांची नावे आता कोणालाही सापडावयाची नाहीत. आपल्या दारी विटा वाहणाऱ्या स्त्रीचे नाव मात्र तिला विचारले तर ती सांगेल.