सगळ्यात हळू चालणारी नर्स पहिली कशी आली?

गेल्या उन्हाळ्यात भाचा आमच्याकडे आठ दिवस राहायला आला होता. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. रात्री पाणी प्यायला उठलो तर बैठकीत दिवा बंद, लॅपटॉपचा निळसर उजेड, आणि हा कानांवर हेडफोन चढवून बसलेला. शेजारी वही उघडी होती. अभ्यासाची असेल म्हणून कौतुकाने पाहिलं, तर वहीत पाच रकाने आखलेले: एस, ए, बी, सी, डी. प्रत्येक रकान्यात नावं. एसमध्ये नर्स आणि ब्लाइट. डीमध्ये ट्रॅपर.

'मामू, ही किलर्सची टियर लिस्ट आहे. कोण किती भारी ते.'

मी वीस वर्षं शाळेत गुणानुक्रमे याद्या लावत आलोय. यादी पाहिली की आमची झोप उडते. मी खुर्ची ओढून बसलो आणि त्या रात्री दीड वाजेपर्यंत राक्षसांची गुणपत्रिका समजून घेतली. पुढचे काही महिने जमेल तसा तिचा इतिहास वाचत राहिलो. हा लेख त्यातूनच आला आहे.

खेळाचं नाव 'डेड बाय डेलाइट'. कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या बिहेवियर इंटरॅक्टिव्ह या कंपनीने तो १४ जून २०१६ रोजी आणला. एका बाजूला चार माणसं, म्हणजे सर्व्हायव्हर. दुसऱ्या बाजूला एकटा किलर, आणि तोही कुणीतरी खेळणारा माणूसच. चौघांनी पाच जनरेटर दुरुस्त करायचे, मग फाटक उघडून पळायचं. किलरने त्यांना गाठायचं, पाडायचं आणि आकड्याला टांगायचं. तिसऱ्यांदा टांगला गेला की माणूस संपला. दोन्ही बाजूंचं बळ वेगळं, नियम वेगळे, जिंकण्याचा अर्थही वेगळा. अशा खेळाला असममित म्हणतात.

आपल्याकडे ही कल्पना नवी नाही. लहानपणी दर्ग्याच्या ओट्यावर विटकरीच्या तुकड्याने पट आखून आम्ही वाघ-बकरी खेळायचो. नेपाळात हाच खेळ बाघचाल म्हणून चालतो, चार वाघ आणि वीस बकऱ्या. वाघ उडी मारून बकरी खातो, बकऱ्या वाघाला कोंडतात. पण तिथे चारही वाघ सारखे असतात, म्हणून कुठला वाघ भारी हा प्रश्नच कुणाला पडला नाही. वाघ वेगवेगळे झाले की यादी जन्माला येते.

संगणकावर हे टप्प्याटप्प्याने घडलं. टर्टल रॉक स्टुडिओच्या ज्या मंडळींनी 'लेफ्ट फॉर डेड' (२००८) केला, त्यांनीच फेब्रुवारी २०१५ मध्ये 'इव्हॉल्व्ह' आणला. चार शिकारी विरुद्ध एक अजस्र प्राणी. सुरुवातीला प्राणी तीनच होते: गोलायथ, क्रॅकन, रेथ. तीनच असूनही भांडण लगेच सुरू झालं. रेथ फार बलवान आहे, तिला आवरा, अशी ओरड झाली. कंपनीने आकडे काढून सांगितलं की रेथ काही इतरांपेक्षा जास्त जिंकत नाही. लोकांचा विश्वास बसला नाही. जिच्याकडून हरताना जास्त चिडचिड होते ती जास्त भारी वाटते, एवढाच त्याचा अर्थ. तो खेळ पुढे टिकला नाही, २०१८ मध्ये त्याचे समर्पित सर्व्हर बंद झाले. भांडण मात्र पुढच्या खेळात गेलं.

'डेड बाय डेलाइट'मध्येही सुरुवातीला तीनच किलर होते. जमिनीत लोखंडी सापळे लावणारा ट्रॅपर, घंटा वाजवून अदृश्य होणारा रेथ (नाव तेच, प्राणी वेगळा) आणि चेनसॉ घेऊन धावत सुटणारा हिलबिली. ऑगस्ट २०१६ मध्ये नर्स आली आणि यादीच्या डोक्यावर बसली. आज किलर पस्तिशीच्या पुढे गेलेत, पण नर्सला तिथून कायमचं कुणी उठवू शकलेलं नाही.

आता गंमत पाहा. सर्व्हायव्हर सेकंदाला चार मीटर धावतो. बहुतेक किलर ४.६ मीटर. नर्सचा वेग आहे ३.८५. म्हणजे ज्याला पकडायचं त्याच्याहूनही ती हळू. तरी ती पहिली, कारण ती भिंतीतून आरपार झेप घेते, एका दमात वीस मीटरपर्यंत. या खेळात जीव वाचवण्याचं सगळं शास्त्र भिंत, खिडकी आणि मध्ये आडव्या पाडायच्या लाकडी फळ्या यांवर उभं आहे. इतर किलर ते नियम पाळून जिंकतात. नर्सला ते नियम लागूच होत नाहीत.

'मग सगळे नर्सच घेत असतील,' मी म्हटलं.

'नाही ना मामू. ती जमतच नाही कुणाला.'

इथे मी सरसावून बसलो. बिहेवियर कंपनी अधूनमधून अधिकृत आकडेवारी प्रसिद्ध करते, कुठला किलर सरासरी किती जणांना मारतो याची. त्यात यादीतली ही पहिली नर्स अनेकदा तळाच्या आसपास सापडते. झेप किती लांब घ्यायची, कुठे उतरायचं, उतरल्यावर मान कुठे वळवायची, हे अर्ध्या सेकंदात ठरवावं लागतं. चुकलं तर ती मान खाली घालून दमून उभी राहते आणि शिकार निघून जाते. माउसने मान पटकन वळते. जून २०१७ मध्ये खेळ प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर आला. तिथे हातात माउस नसून कंट्रोलर असतो, अंगठ्याने मान वळवायची. त्या अंगठ्यांमध्ये तीच नर्स दुबळी होऊन जाते. म्हणजे नर्स एक, आणि यादीतल्या जागा दोन. एक तिच्या ताकदीची, दुसरी तिला चालवणाऱ्या हातांची.

बीएडला मूल्यमापनाच्या पेपरात आम्हाला 'सप्रमाणता' शिकवली होती. जे मोजायचं आहे तेच चाचणी मोजते का? पाच गुणांची टीप लिहून मी पास झालो. ती टीप मला कळली पाच-सहा वर्षांनी.

आठवीच्या माझ्या वर्गात एक मुलगी आली. सातवीपर्यंत उर्दू माध्यमात शिकलेली. गावात पुढे उर्दू माध्यमाचा वर्ग नव्हता, म्हणून मराठी माध्यमात. तोंडी विचारलं की विज्ञान घडाघडा सांगायची, अर्धं उर्दूत, अर्धं मराठीत. सहामाहीला उत्तरं मराठीत लिहायची होती. उजवीकडून डावीकडे लिहायची सवय असलेला हात, वेलांट्या चुकायच्या, वेळ पुरायचा नाही. वर्गाच्या दारावर मी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात गुणानुक्रमे यादी लावली. ती शेवटची होती. मी यादीखाली सही केली, तारीख घातली. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती शाळेत आली नाही. घरी गेलो तर तिचे अब्बा अदबीने म्हणाले, 'सर, यादी बघितली आम्ही. तिच्या नशिबात नाही.' मी काय बोललो ते आठवत नाही. चहा घेऊन परत आलो, एवढं आठवतं. दोन्ही भाषा शिकवणारा त्या शाळेत मी एकटाच होतो. तिची उत्तरं उर्दूत तपासू शकणारा माणूसही मीच होतो.

भाच्याला हे काही सांगितलं नाही. त्याला सांगितली इब्न सल्लाम अल-जुमहीची गोष्ट. नवव्या शतकातला बसऱ्याचा हा विद्वान. अरबी कवींची प्रतवारी करणारं त्याचं पुस्तक म्हणजे त्या काळची टियर लिस्टच. इस्लामपूर्व कवींचे दहा तबके, म्हणजे दहा थर, आणि प्रत्येक थरात मोजून चार कवी. पहिल्या थरात इम्रुल कैस, नाबिगा, जुहैर आणि आशा. औस इब्न हजर दुसऱ्या थरात. पण इब्न सल्लाम प्रामाणिक होता. औस हा पहिल्या चौघांच्या तोडीचाच आहे, पण आपण थरात चारच ठेवायचे ठरवल्यामुळे तो खाली गेला, हे त्याने लिहून ठेवलं आहे. पुढे उर्दू शायरांचे तजकिरे लिहिणाऱ्यांनी लाडक्यांना वर चढवलं आणि नावडत्यांना दोन ओळींत उरकलं. इतका खुलासा करणारे थोडेच.

भाचा म्हणाला, 'म्हणजे रकाना आधी, माणूस नंतर.'

'एस' हा रकानाही बाहेरूनच आला आहे. जपानमध्ये 'ए'च्याही वर 'एस' ही श्रेणी देण्याची पद्धत आहे. हाणामारीच्या आर्केड खेळांमधून ती जगभरच्या खेळाडूंनी उचलली. गंमत अशी की हा खेळ स्वतः खेळाडूंचीही प्रतवारी करायचा. विसाव्या क्रमांकापासून पहिल्यापर्यंत चढायचं आणि दर महिन्याच्या १३ तारखेला पुन्हा खाली घसरायचं. सप्टेंबर २०२१ मध्ये ते क्रमांक गेले आणि राख, कांस्य, रौप्य, सुवर्ण अशा श्रेणी आल्या. कोणासमोर कोण खेळणार हे ठरवायला पडद्यामागे वेगळा, न दिसणारा गुणांक आला. आमच्याकडेही गुणांऐवजी श्रेणी आल्या होत्याच. पालक त्यावर विचारायचे, 'ते ठीक आहे सर, पण नंबर कितवा?'

आता या यादीच्या अस्थिरपणाबद्दल. ऑक्टोबर २०१७ मध्ये सिनेमातला फ्रेडी क्रूगर आला आणि थेट तळाला गेला. जुलै २०१९ मध्ये कंपनीने त्याची शक्तीच बदलली आणि तोच फ्रेडी वरच्या रकान्यांत जाऊन बसला. पुढे पुन्हा उतरला. हिलबिलीच्या चेनसॉला २०२० मध्ये तापण्याचा दोष जोडला. त्याला जीव लावलेले खेळाडू संतापले, आणि २०२४ मध्ये तो दोष काढला. स्पिरिट ही जपानी मुलगी अंतर्धान पावते तेव्हा तिला शिकार दिसत नाही, ती श्वास आणि कण्हणं ऐकून माग काढते. २०२१ मध्ये कंपनीने सर्व्हायव्हरलाही तिची चाहूल दिशेसकट ऐकू येईल अशी सोय केली. तिचा दरारा त्याने बराच उतरला. या राक्षसांचा स्वभाव कायम राहिला, कुवत मात्र दर काही महिन्यांनी मॉन्ट्रियलमध्ये ठरत होती.

मार्च २०२३ मध्ये आलेली स्कल मर्चंट याच्या उलट. तिचे बळींचे आकडे उंच, तरी जाणकार तिला बलवान मानायला तयार नव्हते. तिच्याविरुद्धचा डाव इतका रटाळ व्हायचा की लोक मध्येच सोडून जायचे, आणि सोडून गेलेल्यांमुळे तिचा आकडा फुगायचा. शाळेतल्या निकालाची शंभर टक्क्यांची परंपरा कशी टिकते हे ज्याने आतून पाहिलंय त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

खरं सांगायचं तर मला या सगळ्यात सर्वात जास्त धरून ठेवलं ते ब्लाइटने. सप्टेंबर २०२० मध्ये आलेला, भिंतींवर आपटून चेंडूसारखा उसळत येणारा, नर्सच्या मांडीला मांडी लावून बसलेला. त्याची कथा वाचली आणि मी चमकलो. टॅल्बट ग्राइम्स, स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ, नोकरी ईस्ट इंडिया कंपनीची. मजुरांना झोप कमी लागावी आणि काम जास्त व्हावं यासाठी तो औषध बनवतो, आणि अखेर स्वतःच्याच रसायनांत सडतो. माणूस काल्पनिक, कंपनी मात्र खरी. अफूचा व्यापारही खरा. बिहार-बंगालच्या अफूवर कंपनीची मक्तेदारी होती. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनकडे जायची आणि त्या व्यापारातून आपल्या मुंबईच्या शेठजींच्या पेढ्या उभ्या राहिल्या. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या संपत्तीतही चीनच्या व्यापाराचा मोठा वाटा होता. रुग्णालयाला त्यांचं नाव आहे म्हणून आपण ते विसरत नाही, आणि रुग्णालयाला नाव आहे म्हणूनच बाकीचं विसरतो. दहावीच्या मुलांना अफूचं युद्ध शिकवताना मी हा धागा कधी जोडला नव्हता. तो एका भुताच्या खेळाने जोडून दिला.

मग मी बाकीच्यांच्याही कथा वाचल्या. रेथचं मूळ नाव फिलिप ओजोमो. पोट भरायला परमुलखात आलेला, मोटारी चेपणाऱ्या भंगारच्या आवारात काम करणारा. एका गाडीतून रक्त ठिबकताना दिसतं आणि त्याला कळतं की मालक इतके दिवस त्याच्याच हातांनी माणसं चेपून घेत होता. हिलबिलीला श्रीमंत आईबापांनी तो दिसायला विद्रूप म्हणून भिंतीआड चिणून ठेवलं होतं, भोकातून खायला टाकायचे. स्पिरिटला तिच्या बापानेच मारलं. नर्स म्हणजे सॅली स्मिथसन, नवरा मेल्यावर वेड्यांच्या इस्पितळात वर्षानुवर्षे नोकरी करून डोक्याने खचलेली. टियर लिस्टमध्ये यातलं काही येत नाही, आणि यायचं कारणही नाही. यादीचा प्रश्न एवढाच असतो की हा किती माणसं मारील.

भाच्याने विचारलं, 'मामू, तुमची यादी कशी असेल?' मी वही मागितली. नर्स आणि ब्लाइट मीही वरच ठेवले, उगाच शहाणपणा कशाला. स्पिरिटला त्याच्यापेक्षा एक रकाना वर चढवलं, कारण कानांनी शिकार करणं ही मला सगळ्यात अवघड विद्या वाटते. हंट्रेस, जी कुऱ्हाडी फेकते आणि अंगाईगीत गुणगुणत येते, तिला ए दिली. ती भीतीसाठी दिली, हे शेजारी लिहिलं. स्कल मर्चंटसमोर लिहिलं, 'आकड्यावर विश्वास नाही.' फ्रेडीसमोर, 'कुठल्या वर्षाचा?' रकान्यांच्या बाहेर इतकी टिपणं झाली की भाचा म्हणाला, ही लिस्ट कुणी वाचणार नाही.

ट्रॅपरवर अडलो. तो डीमध्येच आहे, यात वाद नाही. सापळे स्वतः गोळा करायचे, स्वतः लावायचे, आणि सावध खेळाडू ते मोडून टाकतात. खेळाच्या मुखपृष्ठावर पहिल्या दिवसापासून त्याचाच चेहरा, आणि यादीत जागा तळाला. भाचा मात्र शेकडो तास त्याच्यावरच खेळलाय.

'मग डी का दिलीस?'

'डीच आहे तो. पण या मैदानात गवत कुठे उंच आहे ते मला पाठ आहे.'

त्याने हेडफोनचा एक कान मला दिला आणि नवा डाव लावला. पहिला सापळा त्याने एका मोडक्या भिंतीमागच्या गवतात लावला, दुसरा खिडकीच्या पलीकडे. मग बराच वेळ काहीच झालं नाही. तिकडे दोन जनरेटर सुरू झाले. मी म्हटलं, हरतोयस. तो म्हणाला, 'थांबा ना मामू.'