चहाचा पेला आणि कुंभाराचें चाक

मकरसंक्रांतीच्या आदल्या दिवशीं सोलापूरच्या बाजारांतून आपण चाललों, तर जागोजाग सुगडांच्या राशी दिसतात. काळीं, तांबडीं, मुठींत मावतील एवढालीं. याच दिवसांत ग्रामदैवत श्रीसिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते, नंदीध्वजांची मिरवणूक निघते आणि संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. हा विवाह कोणाचा, हें सोलापूरकरांस सांगावयास नको. बाहेरगांवच्या श्रोत्यांसाठीं सांगतों. बाराव्या शतकांतील शिवयोगी सिद्धरामेश्वर यांच्याशीं आपला विवाह व्हावा, अशी इच्छा एका कुंभारकन्येनें धरली, आणि त्यांनीं आपल्या योगदंडाशीं विवाह करण्यास तिला संमती दिली, अशी कथा आहे. ज्या नगराच्या दैवतानें कुंभाराच्या लेकीस हा मान दिला, त्या नगरांत कुंभाराच्या हातचा चहाचा पेला मात्र घरोघरीं कां नाहीं, असा प्रश्न मला एका संक्रांतीस सुगड हातांत घेतलें असतां पडला. आकार तोच, वजन तेंच, बोटांना बसतेंहि तसेंच. मग अडलें कोठें?

कौशल्यांत अडलें नाहीं, हें उघड आहे. उत्तर शोधण्यास, श्रोतेहो, थोडें मागें जावें लागेल.

चहा हें आपल्याकडील जुनें पेय नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तो शहरांतील सुशिक्षितांच्या घरीं आला, आणि सामान्य माणसाच्या घरीं त्याहूनहि उशिरा. १९०३ सालीं सरकारनें निर्यातीच्या चहावर पट्टी बसविण्याचा कायदा केला, आणि त्या पैशांतून चहाचा प्रचार सुरू झाला. १९३० नंतरच्या मंदींत परदेशीं भाव कोसळले, तेव्हां देशांतलाच माणूस गिऱ्हाईक करावा म्हणून प्रचारक बाजारांत, गिरण्यांत आणि घरोघरीं जाऊन चहा करून दाखवूं लागले. सोलापुरांत पहिली कापडगिरणी १८७७ सालीं सुरू झाली होती, व तिच्यामागून आणखीहि निघाल्या. भोंग्याबरोबर उठणाऱ्या या शहरास चहाची गोडी लागली नसती, तरच नवल.

नव्या पाहुण्यास पाट मांडावा, तसें नव्या पेयास भांडें द्यावें लागतें. घरांत होतें तें पितळेचें: पेला, फुलपात्र, वाटी. पितळेंत आंबट पदार्थ कळकतो, म्हणून त्यास कल्हई हवी. कल्हईवाला आळींत आला कीं आम्ही मुलें त्याच्याभोंवतीं कोंडाळें करीत असूं. जमिनींतील लहानशा खड्ड्यांत निखारे, शेजारीं भाता. भांडें तापलें कीं त्यावर नवसागराची चिमूट, पांढऱ्या धुराचा लोट, कथलाची कांडी टेकतांच ती वितळे, आणि कापसाचा बोळा गर्रकन् फिरला कीं आंतून चांदी उमटे. मग तें भांडें चर्रकन् पाण्यांत. हातानें घडविलेल्या आणि हातानें राखलेल्या त्या पेल्यांतला चहा मीं प्यालों आहें. त्याचा एकच दोष, कीं चहा निवण्याआधीं ओठ पोळतो. आमचे आजोबा धोतराच्या सोग्यांत पेला धरून बसत, आणि तेवढ्या वेळांत गांवच्या साऱ्या बातम्या उरकीत.

कपबशी आली ती बाहेरून. प्रथम विलायती आणि महाग, पुढें जपानी आणि स्वस्त. आपल्या देशांतहि कारखाने निघाले. त्यांत सौराष्ट्रांतील थान येथें परशुराम गणपुले या मराठी गृहस्थांनीं काढलेल्या कारखान्याचें नांव घ्यावयास हवें. परंतु कपबशीपुढें उभी राहिलेली अडचण किंमतीपेक्षां मोठी होती. भांडें विटाळलें तर काय करावें, याचे आपल्या समाजाचे नियम ठरलेले होते. धातूचें भांडें राखेनें, चिंचेनें घांसावें, शुद्ध झालें. मातीचें भांडें मात्र रस पितें. तें पुन्हां भाजावें, नाहीं तर फेंकावें. आतां चिनी माती ही माती म्हणावी कीं कांच? आमच्या आजीनें या वादाचा निकाल आपल्यापुरता लावला होता. सहा कपबश्या बाहेरच्या सोप्यांतील कोनाड्यांत राहत, त्या तेथेंच विसळल्या जात, आणि स्वयंपाकघराचा उंबरठा त्यांनीं तिच्या हयातींत ओलांडला नाहीं. तिचा स्वतःचा चहा पितळी वाटींत. चहा तिला चालत होता, कप चालत नव्हता!

हा हट्ट एका आजीपुरता नव्हता. पुण्यास १८९० सालीं पंचहौद मिशनमध्यें शहरांतील प्रतिष्ठित मंडळी जमली असतां त्यांच्यापुढें चहा आणि बिस्किटें ठेवण्यांत आलीं. कोणी घेतलीं, कोणी नुसतीं शिवून बाजूस ठेवलीं. गोपाळराव जोशी यांनीं उपस्थितांचीं नांवें छापून आणलीं, आणि त्यावरून जें ग्रामण्य माजलें तें शंकराचार्यांपर्यंत गेलें. त्या मंडळींत न्यायमूर्ति रानडे होते, टिळकहि होते. रानडे यांनीं पुढें १८९२ सालीं प्रायश्चित्त घेतलें, आणि त्यांच्या सुधारक मित्रांस तें फार लागलें. एका घोटाचा एवढा इतिहास झाला, तो चहापेक्षां चहा कोणाच्या हातचा आणि कोणाच्या भांड्यांतला, या प्रश्नामुळें.

वरच्या वर्गाची ही अडचण प्रायश्चित्तानें सुटण्याजोगी होती. ज्यांना तेंहि उपलब्ध नव्हतें, त्यांची गोष्ट वेगळी. अनेक गांवीं चहाच्या दुकानाबाहेर अस्पृश्य मानलेल्यांसाठीं वेगळे कप ठेवीत, आणि पिणाऱ्यानेंच तो धुऊन जागेवर ठेवावा अशी रीत असे. बहुधा त्या कपाचा कान तुटलेला. कोल्हापुरास गंगाराम कांबळे यांनीं चहाचें दुकान काढलें, तेव्हां छत्रपति शाहूमहाराज त्यांच्या दुकानापुढें आपली गाडी उभी करवीत आणि सर्वांदेखत त्यांच्या हातचा चहा घेत. महाराजांनीं हुकूम पुष्कळ काढले. पण त्या एका पेल्यानें जें झालें, तें हुकुमांनीं किती झालें असतें कोणास ठाऊक. १९५० सालीं राज्यघटनेनें अस्पृश्यता नाहींशी केली, १९५५ सालीं तीसाठीं शिक्षा ठरविणारा कायदा झाला, आणि तरीहि कित्येक गांवीं वेगळ्या कपांची रीत त्यापुढें पुष्कळ वर्षें टिकली.

आतां कुंभाराकडे परत येऊं. उत्तर हिंदुस्थानांत कुल्हड चालतो, तो याच शुद्धाशुद्धतेच्या कल्पनेचा एक तोडगा आहे, असें मला वाटतें. एकदां ओठास लावला कीं फोडून टाकावयाचा. मग आधीं कोण प्यालें, हा प्रश्नच नाहीं. २००४ सालीं रेल्वेनें स्थानकांवर कुल्हड पुन्हां आणण्याचें ठरविलें, तेव्हां पुष्कळांस तो अखिल भारताचा जुना पेला वाटला. आपल्याकडे धातूनें आणि पुढें कपबशीनें ती जागा आधींच घेतली होती, म्हणून सुगड संक्रांतीपुरतें राहिलें, माठ उन्हाळ्यापुरता राहिला, आणि चहाच्या वेळीं कुंभारास कोणी हांक मारली नाहीं.

मीं ती मारून पाहिली. सोलापुरांतील एका वृद्ध कुंभारास मीं सहा कप करावयास सांगितले. ते हंसले. “मास्तर, सुगडाला कान नसतो,” म्हणाले. तरी केले. चाकावरून दोऱ्यानें कापून काढलेले ते सहा पेले मोठे डौलदार होते. पण कान लावले ते पेला बराच वाळल्यावर. ओली माती वाळतांना आकसते, कोरडी आकसत नाहीं. आव्यांतून निघतांच चार कान हातांत आले. दुसऱ्या खेपेस त्यांनीं पेला चामड्याइतका घट्ट असतांनाच चिखल लावून कान बसविले, आणि ते टिकले. पण चहा ओतल्यावर तासाभरांत पेल्याच्या बुडाशीं ओल आली, आणि आठवड्यानें त्यास दुधाचा वास येऊं लागला. साध्या आव्यांत भाजलेली माती सच्छिद्रच राहते. ती पाझरूं नये म्हणून कांचेचा लेप आणि कितीतरी अधिक आंच हवी, आणि त्यासाठीं भट्टीच निराळी लागते. चंद्रपूर जिल्ह्यांत भद्रावती येथें कृष्णमूर्ति मिरमिरा यांनीं १९५५ सालीं स्थापिलेल्या ग्रामोदय संघानें कुंभारांना हेंच नवें ज्ञान देण्याचें काम हातीं घेतलें. त्याची वाट आधीं कोणी धरली असती, तर आमच्या आजीच्या कोनाड्यांतल्या कपबश्या कदाचित् सोलापूरच्या असत्या.

जपानांत याच्या अगदीं उलट झालें. तेथें चहाच्या रसिकांनीं कोरियांतील अनाम कुंभारांचीं साधीं वाडगीं उचललीं आणि शतकानुशतकें जपलीं. ‘किझाएमोन’ नांवाचें त्यांतलें एक वाडगें क्योतो येथील मठांत राष्ट्रीय ठेवा म्हणून आहे. १९३१ सालीं यानागी सोएत्सु यांनीं तें पाहिलें, तेव्हां त्याचा साधेपणाच त्यांच्या मनांत भरला. आपल्याकडे अशी दृष्टि नव्हती असें नाहीं. दिनकर केळकर यांनीं पुण्याच्या जुन्या वाड्यांतून अडकित्ते, दिवे, भांडीं गोळा केलीं, आणि १९७५ सालीं आपला सारा संग्रह सरकारच्या हवालीं केला. लोक जें मोडींत घालीत, तें ते मागून आणीत. मात्र संग्रहालयांतील पेला कांचेआड बसतो, त्यास पुन्हां चहा मिळत नाहीं, एवढें मला खटकतें.

म्हणून माझा संग्रह फळीवर नाहीं, मोरींत आहे. आजोबांचा पितळी पेला, कल्हई उडाली म्हणून सध्यां कल्हईवाल्याच्या वाटेकडे डोळे लावून बसला आहे. भद्रावतीचे दोन पेले रोज वापरांत आहेत. एकाची कड टंवकली आहे, तो मीं स्वतः घेतों. आणि सोलापूरच्या त्या वृद्ध कुंभारांच्या सहांपैकीं कान न तुटलेले दोन उरले होते. त्यांत चहा टिकत नाहीं हें ठाऊक असूनहि गड्ड्याच्या दिवशीं ते आले कीं मी एकांत त्यांना चहा देतों आणि दुसऱ्यांत मी घेतों. ओल बुडाशीं उतरायच्या आंत तो प्यावा लागतो; आम्ही दोघेहि भराभर पितों.