दुष्काळाची तजवीज आणि नीरेचा कालवा

बारामती-इंदापूरकडच्या माणसाला कर्ज म्हणजे काय, हे सांगायला नको. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खते जाळली. बापाने अंगठा उठवायचा आणि मुलाने जन्मभर फेडायचे, याचा तो संताप होता.

पण सरकारही खत लिहून देते, बरं का! त्यावर अंगठा आपला नसतो; फेड मात्र आपल्याच करातून होते. आपल्या हयातीत फिटले नाही, तर ते नातवंडांकडे जाते.

सुप्याच्या दंग्यानंतर पुढच्याच वर्षी पावसाने दगा दिला आणि १८७६-७८ चा मोठा दुष्काळ पडला. लाखो माणसे दगावली. तेव्हा हिंदुस्थान सरकारचे वित्तमंत्री सर जॉन स्ट्रेची यांनी हिशेब मांडला : दुष्काळ पुन्हा येणारच, दर खेपेला कर्ज काढले, तर पुढच्यांच्या डोक्यावर डोंगर होईल. म्हणून दरसाल दीड कोटी रुपयांची तजवीज ठरली आणि त्यासाठी १८७८ साली व्यापार-धंद्यावर परवाना-कर बसला.

विचार रास्त होता. पण त्याच साली अफगाण युद्ध पेटले. दुष्काळाच्या नावाने घेतलेला पैसा लढाईकडे गेला, अशी ओरड देशभर झाली. सांगायचे एक आणि खर्चायचे भलतेच, मग लोकांचा विश्वास कसा राहावा?

तरी पुढे याच तजविजीतून काही कामे उभी राहिली. त्यांतलेच एक म्हणजे आपला नीरा डावा कालवा. भाटघरच्या धरणाचे पाणी बारामती-इंदापुरात आले आणि माळावर ऊस उभा राहिला. पैसा देणारे गेले. पाणी अजून वाहते आहे.

आज वित्तीय शिस्तीचे कायदे आहेत; केंद्राचा २००३ चा, महाराष्ट्राचा २००५ चा. रोजचा खर्च कर्जावर भागवू नये, हे त्यांचे मूळ सूत्र होते. पण कागदावरचा नियम स्वतः राखण करीत नाही. राखण शेतकऱ्याने करावी, तशीच बारामतीच्या एमआयडीसीतल्या कामगारानेही. कर दोघेही भरतात.

गुरुजी, मुलांना एकदा कालव्यावर न्या आणि विचारा : आज सरकारने कर्ज काढले, तर तुमच्या वाट्याला पाणी येणार, की नुसते व्याज?