प्रकृति कशी आहे?

वडीलधाऱ्या माणसाची भेट होतांच 'प्रकृति कशी आहे?' असें विचारण्याची आपल्याकडे रीत आहे. प्रश्न साधा खरा. पण त्याचें उत्तर तितकें साधें नसतें. उत्तर देणाऱ्याच्या शरीराइतकेंच त्याचें घरांतील व समाजांतील स्थानही तें उत्तर ठरवीत असतें.

१९४३ च्या भीषण दुष्काळानें बंगालची दैना केली. पुढच्याच वर्षीं, १९४४ मध्यें, कलकत्त्याच्या अखिल भारतीय आरोग्यशास्त्र व सार्वजनिक आरोग्य संस्थेनें हुगळी जिल्ह्यांतील सिंगूर भागांत पाहणी केली. तींत विधुर व विधवा यांनाही प्रकृतीविषयीं विचारण्यांत आलें. विधुरांपैकीं शेंकडा ४८.५ जणांनीं आपण आजारी आहों किंवा आपली प्रकृति यथातथाच आहे, असें सांगितलें. विधवांमध्यें हें प्रमाण अवघें शेंकडा २.५ होतें, आणि 'यथातथा' म्हणणारी तर एकही विधवा निघाली नाहीं!

या विधवा विधुरांहून धडधाकट होत्या, असें कोण म्हणेल? सर्वांमागून जेवावें, एकादशीस निर्जळ उपास करावा आणि पहांटेपासून कामास लागावें, असा कित्येक घरांत विधवेचा आयुष्यक्रम होता. दुखण्याला नांव मिळण्यासाठीं तें ऐकून घेणारें कोणी लागतें. विधुराचें डोकें दुखलें तर सुंठेचा लेप घेऊन सून धांवत येई. विधवेनें तें कोणास सांगावें? अंग मोडून येणें हीच तिला नेहमींची स्थिति वाटूं लागली, तर नवल नाहीं.

मग असें उत्तर निरर्थक मानावें काय? तसेंही नाहीं. कॅनडांतील मॅनिटोबा प्रांतांत ३,००० हून अधिक वृद्धांची १९७१ पासून कांहीं वर्षें पाहणी झाली. मॉसी व शपायरो यांनीं १९८२ मध्यें तिचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. वैद्यकीय नोंदींतील आजार हिशेबांत घेऊनही, आपली प्रकृति वाईट म्हणणारांस मृत्यूचा धोका ती उत्तम म्हणणारांच्या जवळजवळ तिप्पट होता. तक्रार करणारा वृद्ध उगीच कुरकुरत नसतो, हें त्यावरून दिसतें.

मात्र तक्रार नसणें म्हणजे आरोग्य नव्हे. दीर्घायुषी केरळांत आजाराच्या तक्रारी अधिक आणि अल्पायुषी बिहारांत त्या कमी, ही विसंगति अमर्त्य सेन यांनीं २००२ मध्यें निदर्शनास आणली. जेथें शिक्षण व दवाखाने पोंचले, तेथें माणसास आपलें दुखणें ओळखतां आणि सांगतां येऊं लागलें.

म्हणून घरांतील वृद्धेनें 'मला काय धाड भरली आहे!' असें हंसून म्हटलें, तरी तेवढ्यावर समाधान मानूं नये. ती जेवली केव्हां, निजली किती, तिचें औषध कोणी आणलें, हेंही विचारावें. सिंगूरच्या विधवांना तें विचारणारें बहुधा कोणी नसावें.