रिकामा नसलेला सडा

थंड हवेचे ठिकाण म्हणून आंबोली आखली ती कर्नल वेस्ट्रॉप या पोलिटिकल एजंटाने. वेंगुर्ले बंदरातून बेळगावकडे जाणाऱ्या घाटरस्त्यावरचा हा मुक्काम; उंची सुमारे ६९० मीटर, पाऊस वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास. आंबोलीचे महाबळेश्वर मात्र झाले नाही, आणि ते बरेच झाले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या गणेशखिंड उद्यानात जी. मार्शल वुड्रो काम करीत होते. ‘गार्डनिंग इन इंडिया’ लिहिणाऱ्या वुड्रोंची दृष्टी बागवानाची: झाड कोणते, माती कोणती, पाणी किती. भूदृश्यरचना हा विद्यापीठीय विषय झाला १९०० साली, हार्वर्डमध्ये. ब्रिटनमध्ये रेडिंगला १९३० साली, तर दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये १९७२ साली. अहमदाबादच्या सेप्टमध्ये हा विषय रुजवण्यात प्रा. प्रभाकर भागवत यांचा वाटा मोठा. पुण्यात भानुबेन नानावटी महाविद्यालयात आज त्याचे पदव्युत्तर शिक्षण मिळते.

विषय बागेबाहेर पडला होता. इयान मॅकहार्ग यांनी १९६९ च्या ‘डिझाइन विथ नेचर’मध्ये उतार, माती, पाणी, झाडोरा यांचे नकाशे एकावर एक ठेवून जमीन वाचायला शिकवले. आंबोलीच्या सड्यावर मात्र ही रीत घाईने लावली की पंचाईत होते. माती नावापुरती, झाड नाही, म्हणून नकाशात जागा रिकामी. महसुली भाषेत असा कातळ पोटखराबाच. आणि रिकामी जागा दिसली की आपला हात रोपवाटिकेकडे वळतो. वुड्रोंचा बागवान अजून आपल्यात आहे.

याच कातळावर पहिल्या पावसानंतर साचणाऱ्या उथळ डबक्यांत आंबोली टोड अंडी घालतो. त्याला वेगळी जात म्हणून शास्त्रीय नाव मिळाले ते २००९ साली. डबके आटायच्या आत पिल्लांना पाय फुटावे लागतात. वृक्षारोपणासाठी खड्डे पाडून माती टाकली की डबके गेले, आणि टोडही.

हिरण्यकेशीच्या उगमाची गोष्ट निराळी. तिथे महादेवाचे देऊळ आहे. तिथल्या कुंडातला मासा २०२० साली ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ म्हणून नोंदला गेला आणि २०२१ मध्ये २.११ हेक्टर जागा जैवविविधता वारसा स्थळ ठरली. सड्याला असा देव नाही. डिसेंबरातल्या अभ्यासदौऱ्यात तो करडा, कोरडाच दिसणार. डबक्यांचा नकाशा काढायचा तर विद्यार्थ्यांना जूनमध्ये, इरली घेऊन यावे लागेल.